टाकीतले गप्पी

एका औषध कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, मी बरीच वर्षं केमिस्ट होतो. प्रक्रिया झालेलं पाणी ओढ्याला सोडण्याआधी एका काचेच्या टाकीतून जायचं आणि त्या टाकीत गप्पी मासे असायचे. ऑडिटर आले की मी त्यांना आधी तिथंच न्यायचो. "मासे जगतात, बघा," म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. मलाही कधी शंका आली नाही.

नियमाचा आधार होताच. सांडपाण्यात 96 तास ठेवलेल्या माशांपैकी 90 टक्के जगले की बायोअ‍ॅसे पास. सीओडी, म्हणजे सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं मोजमाप, लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आत आला की रजिस्टरवर सही करून मी निर्धास्त घरी जायचो. आमच्याकडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक बनायचं. ते पाण्यातून किती बाहेर जातं, हे मोजून घ्यावं असं मी एकदाही सुचवलं नाही. सीओडी मिलिग्रॅममध्ये मोजतात, माशाला मात्र मायक्रोग्रॅम पुरतात. जर्मनीत रेनबो ट्राउट 28 दिवस हे औषध मिसळलेल्या पाण्यात ठेवले होते. लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम डायक्लोफेनॅकनं त्यांच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना इजा झाली. चार दिवसांच्या चाचणीत हे कुठून दिसणार?

कॅनडातल्या 'लेक 260'बद्दल वाचलं आणि माझी झोप उडाली. 2001 ते 2003 या काळात त्या तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं होतं, लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम. म्हणजे 20 कोटी लिटर पाण्यात ग्रॅमभर. मासे पटापट मेले नाहीत. नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, नवी पिलावळ येईना आणि फॅटहेड मिनो तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले.

गप्पी तर महिन्या-महिन्याला पिल्लं देतात. आमच्या टाकीत पिल्लं पाहिल्याचं मला आठवत नाही. मोठे मासे पिल्लांना खातात हे खरं, कारण दुसरंही असेल. पण मी शोधलंच नाही. उलट, तळाशी सुस्त पडलेले, कल्ले जोरजोरात हलवणारे गप्पी ऑडिटच्या आदल्या दिवशी मी जाळीनं काढून टाकायचो आणि दुकानातून नवे आणून सोडायचो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेच मासे फॉर्मॅलिनमध्ये घालून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात तपासायला पाठवता आले असते. ओढ्याचं पाणी खाली नदीला मिळायचं, आणि तिथल्या माशांवर गावं जेवत होती.