मोठे ब्रेक, तेवढंच अंतर

माझी गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. 1991 ची माझ्दा मियाटा: दोन सीट, उघडणारं कापडी छप्पर, 1.6 लिटरचं इंजिन, वजन जेमतेम एक टन. इथे कॅलिफोर्नियात जुनी स्पोर्ट्स कार घेतली की भेटेल तो गाडीवेडा एकच विचारतो, “ब्रेक मोठे केलेस का?” आणि मग फोनवर लाल रंगाच्या, चार पिस्टनच्या कॅलिपरचे फोटो दाखवतो. चाकाच्या फटीतून ते लाल छान दिसतं, हे मान्य.

पण मोठे ब्रेक लावले की गाडी कमी अंतरात थांबते, हे काही खरं नाही. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवतो तो टायर. माझ्या गाडीला एबीएस नाही. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबलं की मूळची 235 मिलिमीटरची डिस्कसुद्धा चाक लॉक करते आणि टायर किंचाळत घसरतो. म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथे आणखी मोठा ब्रेक लावणं म्हणजे डेटाबेस अडकलेला असताना सर्व्हर वाढवत बसणं.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णतेसाठी. जास्त लोखंड म्हणजे जास्त उष्णता पोटात घ्यायची सोय. हे मला वाचून माहीत होतं; पायाला कळलं मागच्या उन्हाळ्यात.

ताई पुण्याहून आली होती. तिला सॅन होजेजवळच्या माउंट हॅमिल्टनवरची लिक वेधशाळा दाखवायला नेलं. हा रस्ता 1876 चा. वेधशाळेचं सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं होतं, म्हणून चढ साधारण साडेसहा टक्क्यांवर जाऊ दिला नाही. चढ कमी ठेवला, त्याची किंमत वळणांनी वसूल केली. शेकडो वळणं आहेत. माथा जवळजवळ 1,280 मीटरवर.

उतरताना पुढे एक व्हॅन रखडत चालली होती. प्रत्येक वळणाआधी ब्रेक. अर्ध्या वाटेवर पेडल मऊ लागलं, आणि पुढच्या वळणाला दह्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. मी दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडलं, वेग उतरला, पुढच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेतली. “ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर,” हे बाबांनी वरंधा घाटात शिकवलेलं. ताई काही बोलली नाही. फक्त दार उघडून खाली उतरली आणि लांब जाऊन उभी राहिली.

ब्रेक थंड होईपर्यंत फोनवर हिशोब केला. गाडी आणि आम्ही दोघं मिळून 1,100 किलो, उतार सुमारे 1,100 मीटर. म्हणजे जवळजवळ 1.2 कोटी ज्यूल. ताशी 100 किलोमीटरवरून एकदा थांबायला लागतात सव्वाचार लाख. वारा आणि टायरचं घर्षण सोडलं, तर हा एक डोंगर म्हणजे तसं 28 वेळा थांबणं. इंजिनने यातला वाटा उचलला नाही, तर सगळं डिस्कवर येतं.

घरी येऊन टाकीचं झाकण उघडलं. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. आधीच्या मालकाने दिलेल्या फायलीत ते बदलल्याचं शेवटचं बिल नऊ वर्षांपूर्वीचं. ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतं. ग्लायकॉलचं मिश्रण असतं आणि हवेतलं बाष्प शोषतं. डॉट 4 प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरलं की किमान 155. कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय पिस्टनला ढकलत नाही, वाफेला ढकलतो.

एअर काढायचं काम दोघांचं. ताई ड्रायव्हरच्या जागी, मी चाकाशी आडवा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे इथे मागचं उजवं. “दाब. धर. सोडू नकोस!” मी निपल बंद करायच्या आत पाय उचलला तर हवा पुन्हा आत. तिसऱ्या चाकापर्यंत तीच हुकूम सोडायला लागली होती, “अरे, झालं का बंद? सांग तरी!” नळीतून आधी काळं, मग बुडबुडे, मग मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल आलं. शेवटी पेडल वरच्या वर घट्ट झालं. ताईने चार वेळा दाबून बघितलं.

त्यानंतर पॅड बदलले आणि सर्वांत शेवटी डिस्क. लाल कॅलिपर नाहीत. 1994 पासून मियाटाला 1.8 लिटरचं इंजिन आलं, तेव्हा माझ्दानेच पुढची डिस्क 255 आणि मागची 251 केली. कॅलिपर माझेच चालतात, फक्त ब्रॅकेट आणि डिस्क बदलायच्या. 14 इंची चाकंही तीच. मुख्य म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे जोर सारखाच, सुमारे साडेआठ टक्के वाढतो. नुसत्या पुढच्या चाकांना मोठे ब्रेक लावले तर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागची फुकट बसतात आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. एवढा खर्च करून!

परवा टायरच्या कडेवरचा आकडा वाचला: 1417. म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर नखाने दाबलं तर दबत नाही. 185/60, 14 इंची, चार नग मागवलेत. ताई डिसेंबरात परत येतेय.