माळ्यावरचा व्हॉल्व्ह

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढणे हा आमच्याकडचा वार्षिक तंटा आहे. एका बाजूला सौभाग्यवती, दुसऱ्या बाजूला मी आणि वादाचा विषय माळा. गेल्या वर्षी मिरजोळ्याच्या घरी ती माळ्यावर चढली आणि गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन उतरली. वर काच, खाली तांब्याचे नळकांडे.

"अहो, ही कसली बाटली? भंगारवाला दारात उभा आहे. तांब्याला चांगला भाव आहे म्हणतो."

ती बाटली म्हणजे आमच्या काकांचा व्हॉल्व्ह. काका मुंबईला रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रावर नोकरीला होते. गाणारी, बातम्या सांगणारी मंडळी स्टुडिओत बसत; काका गावाबाहेर, उंच खांबाखाली, यंत्राच्या सोबतीला. त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नाही. पण ते जागे नसते तर कुणाचाच आवाज ऐकू आला नसता. पुढे एक जळका व्हॉल्व्ह भंगाराच्या लिलावात निघाला, तो त्यांनी पदरचे पैसे मोजून घेतला.

लहानपणी त्यांनी मला तो समजावून दिला होता. आत एक तार असते. ती तापली की तिच्यातून विजेचे कण सुटतात आणि पलीकडच्या तांब्याकडे धावतात. मध्ये एक जाळी. तिच्यावर विजेचा इवलासा दाब कमीजास्त केला की पलीकडचा मोठा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त होतो. बागेच्या पाटाला फळी लावून पाणी आवरावे, तसे. तांबे इतके तापे की त्याच्याभोवती सारखे पाणी खेळवावे लागे. त्याआधीची यंत्रे ठिणग्या पाडीत. ठिणगीने तारेसारखा कडकट्ट संदेश जातो, गाणे जात नाही. गाण्याला अखंड लहर लागते. ती या काचेने दिली.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे यंत्र दीड किलोवॅटचे होते; म्हणजे आमच्या विहिरीवरच्या दोन अश्वशक्तीच्या पंपाएवढी ताकद! त्याच वर्षी पुण्याजवळच्या खडकीहून विलायतेला बिनतारी संदेश जाऊ लागले आणि तिकडचे दौंडला उतरू लागले. ते केंद्र चालवणारी कंपनी 1930 साली बुडाली, पण रेडिओ तरला. 1977 साली तर खुद्द रत्नागिरीतच आकाशवाणी आली.

आपण आजीची पातेली जपतो, आजोबांची पगडी जपतो. यंत्र मात्र जुने झाले की त्याचे वजन करतो. प्रक्षेपकाचे तर दुर्दैव असे की तो मोठा, अवजड, आणि त्याच्या तांब्याला मोल. शिवाय नुसता पत्रा जपून भागत नाही. तो चालवणारा हातही जपावा लागतो. स्वीडनमध्ये ग्रिमेटॉन नावाच्या गावी 1924 सालचा प्रक्षेपक आहे. त्यात व्हॉल्व्हसुद्धा नाही. एक अजस्र चाक गरगर फिरून लहरी निर्माण करते. 2004 साली युनेस्कोने ते केंद्र जागतिक वारशात घेतले. पण मला कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे: वर्षातून ठरावीक दिवशी तिथली हौशी मंडळी ते चाक फिरवतात, संदेश पाठवतात आणि नव्यांना शिकवतात.

हे सारे मी सौभाग्यवतीला ऐकवले. ती म्हणाली, "ते खरं, पण ठेवायची कुठे?"

तेवढ्यात माजघरातून काकू काठी टेकीत आल्या. नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी काचेवरून हात फिरवला.

"अरे, मला त्यातलं काय कळतंय? हे तिकडे मुंबईला आणि मी इकडे. पत्र यायला चार दिवस. पण संध्याकाळी रेडिओ लावून मी भात टाकायची. मधेच आवाज बंद पडला की हातातली डाव हातातच. म्हणायची, आता हे धावले असतील. आवाज परत आला की मनात म्हणायची, बरे आहेत."

कुणीच काही बोलले नाही. सौभाग्यवतीने गोणपाट घडी करून ठेवले आणि पदराने काच पुसली. भंगारवाला पंपाचे जुने पाइप घेऊन गेला.

आता व्हॉल्व्ह ओटीवरच्या कोनाड्यात आहे. तो काय, कुठला, कुणाच्या हाताखालचा, हे मी जाड कागदावर लिहून शेजारी लावले. नरकचतुर्दशीला हौसेने त्याच्यापुढे पणती ठेवायला गेलो, तर काकू ओरडल्या,

"अरे, लांब ठेव, लांब! हे म्हणायचे, गार व्हॉल्व्ह एकदम तापवायचा नसतो. हळूहळू तापवायचा, नाहीतर जातो."

मी पणती वीतभर मागे घेतली. मग ती कागदावरची राहिलेली ओळही लिहून टाकली.