रुळांखालचं वायरिंग: काही टिपणं

'डिजिटलला दोनच वायरी लागतात' असं मॉडेल रेल्वेच्या नवख्याला सांगतात. हे अर्धंच खरं. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) आल्यावर पॅनलवरचे ब्लॉक बदलायचे स्विच गेले, पण फळीखालचे जोड वाढले.

*

जुन्या डीसीत रुळातली वीज हाच हुकूम. व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते, ध्रुव उलटवले की मागे येते. डीसीसीत एचओ मापाच्या रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि त्याच विजेतून निरोपही जातो: तीन नंबरचं इंजिन, सावकाश पुढे. निरोप सगळ्याच इंजिनांपर्यंत पोचतो, पण ज्याचा पत्ता असेल तेच मानतं.

*

त्या निरोपात 'एक'चा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, 'शून्य'चा १०० किंवा जास्त. एवढ्या घाईत सैल जोड अक्षरं खातो. डीसीत अशा जागी गाडी जरा मंदावायची. इथे इंजिनातला, निरोप वाचणारा डिकोडरच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि आवाजवालं इंजिन मध्येच मुकं होतं.

*

निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्याचा रोध तांब्याच्या कित्येक पट. म्हणून फळीखालून जाड वायरची जोडी (बस) आणि तिथून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक फीडर. जॉइनरने रूळ सरळ धरावेत, वीज पोचवण्याचं काम त्याच्यावर सोडू नये.

*

घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तार चालते. तिचा रोध मीटरमागे साधारण १२ मिलिओहम. ६ मीटरची बस म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर; ३ अँपिअरला ०.४ व्होल्टची घट. हरकत नाही.

*

खरी परीक्षा नाण्याची. रुपया दोन्ही रुळांवर आडवा टेकवायचा. रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरने ताबडतोब वीज तोडली पाहिजे. हे फळीभर, फुटाफुटावर करून बघावं. कुठे तोडली नाही, तर तिथे वायरीचा रोध इतका आहे की बूस्टरला शॉर्ट ओळखूच येत नाही. इंजिन जड गाडी ओढतंय असं समजून तो वीज देत राहतो. ५ अँपिअर, १५ व्होल्ट म्हणजे ७५ वॉट. आपली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. रुळावरून घसरलेल्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या बोगीचं काय होईल, ते यावरून ताडावं.

*

बाहेरचा रूळ लाल, आतला काळा. डावा-उजवा असं लिहू नये. फळीखाली उताणं झोपलं की दोन्ही बदलतात.

*

भोर घाटाचा देखावा करणाऱ्यांना दिलासा. १८६३ ते १९२९ या काळात खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे टोकाला थांबून उलट्या दिशेने निघायची. अशा मांडणीत लाल रूळ लालच राहतो. दार्जिलिंगच्या बतासिया लूपमध्ये रूळ स्वतःवरूनच ओलांडून जातो, तरी वायरिंगला त्रास नाही. त्रास कधी? गाडी वळून आल्या रुळावर परत आली की. फुग्यासारखा लूप किंवा त्रिकोण केला, तर लाल काळ्याला भिडतो. त्या तुकड्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून मध्ये ऑटो-रिव्हर्सर घालावा. तुकडा सर्वांत लांब गाडीहून लांब हवा. आतमध्ये ध्रुव उलटले तरी इंजिन अडखळत नाही, कारण दिशा निरोपात असते.

*

सांध्यातला धातूचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) विजेविना मोकळा ठेवला तर छोटं इंजिन तिथेच अडतं. त्याला वेगळी वायर द्यावी आणि सांधा फिरला की तिचा ध्रुव बदलेल असा स्विच मोटरला जोडावा.

*

इंजिनाला नवा पत्ता देण्याचा रूळ बाकी मांडणीपासून पूर्ण तोडलेला असावा. नाहीतर फळीवरची सगळीच इंजिनं तो पत्ता घेऊन मोकळी होतात.

*

यार्डाला स्वतंत्र सर्किट ब्रेकर द्यावा, म्हणजे तिथला शॉर्ट मेन लाइन थांबवत नाही. पाहुण्यांची मुलं डबे पाडतात ते हमखास यार्डातच.