झेरॉक्स केलेलं मॅन्युअल

आमगाव ते गोंदिया हा पॅसेंजरने अर्ध्या तासाचा रस्ता. पण हावडा-मुंबई लाइनवरच्या मेल-एक्स्प्रेस आधी सोडायच्या असत, त्यामुळे आमची गाडी गुदम्याला उभी राहायची. बीएस्सीच्या वर्षांत त्या खोळंब्यात मी 'सॉर्ट', 'ग्रेप', 'फाइंड' असल्या युनिक्सच्या कमांडची मॅन्युअल वाचली, तीही कागदावर. लॅबमध्ये मॅन्युअलची पानं दाखवणाऱ्या 'मॅन' कमांडचं आउटपुट 'कॉल' नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून काढून साधी टेक्स्ट फाइल करायची आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मारायची. त्याला वाटायचं, पोरगी मोठं प्रोजेक्ट करतेय. घरी कॉम्प्युटर नव्हता. असता तरी भारनियमनाच्या त्या दिवसांत तो शोभेचाच ठरला असता.

परीक्षेसाठी यातलं काहीच लागत नव्हतं. 'युनिक्सची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न गाईडमधून पाठ करून सोडवता येई, मशीनला हात न लावता. पुस्तकं दोन होती. सुमिताभ दासांचं 'युनिक्स: कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स' लायब्ररीत कपाटाच्या वरच्या फळीवर असायचं. यशवंत कानेटकरांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' मात्र हातोहात फिरायचं. कानेटकर नागपूरचे, 'लेट अस सी'मुळे विदर्भातल्या मुलांना घरच्यासारखेच. त्यांच्या पुस्तकात माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. दासांचं पुस्तक पक्कं आहे, पण ते दुसऱ्या वर्षी उघडावं. पहिल्याच आठवड्यात उघडलं तर त्याची जाडीच अंगावर येते.

मॅन्युअलमध्ये मला गुंतवलं ते 'बग्ज' या मथळ्याने. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती काढली 3 नोव्हेंबर 1971 ला. कमांडचं नाव, ती कशी लिहायची, ती काय करते, आणि खाली तिच्यात काय बिघडतं, हे त्या जुन्या मॅन्युअलमध्येच होतं. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये मॅन्युअलच्या कित्येक पानांवर तो मथळा आजही आहे. आपल्या प्रोग्रॅममध्ये खोट कुठे आहे हे करणाराच छापून ठेवतो, हे गाईडवर वाढलेल्या मला पचायला वेळ लागला. पण त्यानंतर मी कुठल्याही पुस्तकातलं वाक्य टर्मिनलवर चालवून बघितल्याशिवाय खरं मानलं नाही.

आता मी तालुक्याच्या ठिकाणी शिकवते. मुलं सालेकसा, देवरीकडूनही येतात; घरी कुणी पोवारी बोलतं, कुणी झाडीबोली, कुणी गोंडी, आणि बाजारात सगळेच हिंदी. या मुलांपुढे पहिल्या दिवशी 'मॅन' उघडणं म्हणजे छळ आहे, आणि 'खरं शिकायचं तर मॅन्युअलच वाचा' असं नवख्याला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्या पानांचं इंग्रजी ज्याला आधीच थोडंफार येतं त्याच्यासाठी लिहिलेलं आहे.

म्हणून सुरुवात आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने होते. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशावर चालत आला. भाग साधारण दहा मिनिटांचे. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत आणि कानात मराठी. लिनक्सच्या मालिकेत साध्या कमांडपासून ग्रेप, सेड, ऑकपर्यंतचे भाग आहेत. ऑफलाइन वापरासाठी ते उतरवून घेता येतात, आमच्याकडे ते पेन ड्राइव्हवरून फिरतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल. ऐका, थांबवा, करून बघा. नुसतं ऐकत बसलेला मुलगा दिसला की मी त्याचा हेडफोन काढून घेते. निवेदन कधीकधी पाठ्यपुस्तकी होतं खरं, पण मुलाचे हात कीबोर्डवर असतील तर ते खपून जातं.

जुन्या मशीनवर पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करतो, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. एडिटरसाठी 'व्हिमट्युटर': अर्ध्या तासाचा सराव, धडा हीच फाइल आणि तिच्यातच दुरुस्त्या करायच्या. याहून चांगली स्वाध्यायपुस्तिका मी पाहिलेली नाही.

सरावाला मात्र पुस्तकातली 'एम्प्लॉयी' फाइल मी वापरत नाही. आमच्याकडे धान. शेतकऱ्याचं नाव, गाव, धानाची जात, क्विंटल अशी मनाने रचलेली यादी करायची आणि कुठल्या जातीचं धान किती जणांनी घातलं ते मोजायचं. 'युनिक' लावलं की मुलं गोंधळतात, कारण एचएमटी ही एकच जात तीन ठिकाणी वेगवेगळी मोजलेली दिसते. मी उत्तर देत नाही. तेव्हा पहिल्यांदा 'मॅन युनिक' उघडायला लावते. लागून असलेल्या सारख्या ओळीच ते एकत्र करतं, आधी 'सॉर्ट' हवं, हे तिथे लिहिलेलं आहे. प्रश्न स्वतःचा असला की तेच इंग्रजी वाचवतं.

सालेकशाकडच्या एका मुलीच्या यादीत 'एचएमटी' आणि 'एच.एम.टी.' वेगळे पडले.

"मॅडम, हे एका झटक्यात सारखं करायचं कोणती कमांड?"

"मॅन-के टाकून शोध."

मॅन-के शब्दावरून कमांड शोधून देतं. तिने 'चेंज' टाकलं, तर परवानग्या नि मालक बदलणाऱ्या कमांडची रांग आली. मग 'टेक्स्ट' टाकून लांबलचक यादी बोट ठेवून वाचत गेली आणि 'सेड'पाशी थांबली. तेव्हा कुठे मी सेडचा मराठी भाग लावून दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या फाइलमध्ये सगळी नावं एकसारखी झाली होती. फक्त 'जय श्रीराम' या धानाच्या नावातली मोकळी जागा तिने मुद्दाम तशीच ठेवली होती; ओळीतून रकाना काढणारं 'कट' तिथे ओळ कशी तोडतं ते तिला बघायचं होतं.