पंपात पाणी शिरलं कसं?

फिश टँकचा एअर पंप पाणी ओढत नाही, फक्त हवा ढकलतो. आत तांब्याची कॉइल असते आणि तिच्यासमोर रबरी पडद्याला जोडलेलं चुंबक. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ते चुंबक सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतं. तीच त्याची घरघर.

आई गेल्यावर अण्णांनी कन्नडच्या घरात, बैठकीत टँक मांडला. तेव्हापासून त्या घरघरीशिवाय त्यांना झोप लागत नाही. मे महिन्यातल्या एका रात्री लाइट गेली. परत आल्यावर पंखा फिरला, पंप गप्पच. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडू लागले. अण्णा पहाटेपर्यंत मगाने पाणी उंचावरून टँकमध्ये ओतत बसले.

सकाळी नवा पंप आणला. मासे वाचले. "पण हा वेगळा वाजतो, माय," अण्णा म्हणाले. मग मी जुना उघडायला घेतला.

पंप टँकच्या खाली, स्टुलावर होता. वीज असताना हवेचा दाब पाण्याला नळीत येऊ देत नाही. वीज गेली की पाणी नळीत चढतं, आणि एकदा का काठ ओलांडला की सायफन सुरू. आपल्या पाणचक्कीचं दगडी जातं फिरायचं तेही पाण्याच्या उंचीतल्या फरकावरच. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा प्रसंगाला 'एज केस' म्हणतो. कन्नडमध्ये लाइट जाणं ही एज केस नाही, मंगळवार आहे.

प्लग काढून पंप दोन दिवस वाळवला. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला होता. झडपा व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने साफ केल्या, कॉइलला मात्र ओला हात लावला नाही. मल्टिमीटरने कॉइल तुटलेली नसल्याचं दाखवलं. कॉइलचं इन्सुलेशन काळवंडलेलं असतं, तर पंप सरळ भंगारात टाकला असता; 230 व्होल्टशी भावनिक होऊन चालत नाही. एक झडप फाटली होती, ती सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवली. नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह घातला आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवला.

सुरू केला. अण्णा थोडा वेळ ऐकत बसले.

"सर्दी झाल्यासारखा वाजतोय," म्हणाले, आणि नवा पंप खोक्यात भरून ठेवला.