"काय दिसलं रं बाळा?"

बालमित्रांनो, ही गोष्ट १९८४ सालची. अकोले तालुक्यात प्रवरेकाठी आमचं घर. मी सहावीत होतो, माझा धाकटा भाऊ बंडू तिसरीत. त्या पावसाळ्यात बंडू रोज रात्री किंचाळून उठायचा. अंग घामानं निथळत असायचं. पण काय झालं म्हणून विचारलं, की तोंड घट्ट मिटून गप्प!

आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, दंडात ताईत बांधला. काही उपयोग नाही. शाळेतली मुलं त्याला 'येडा बंड्या' म्हणू लागली. सांगायला लाज वाटते, पण एकदा मीही त्यांच्याबरोबर हसलो.

एका रात्री आजी उठली. कंदील मोठा केला, बंडूला मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काय दिसलं रं बाळा? सांग. म्या कुनाला सांगनार न्हाई." मग ती नुसती बसून राहिली. मी गोधडीत जागाच होतो.

बऱ्याच वेळानं बंडू बोलला. महिन्यापूर्वी आमचं गोऱ्हं विहिरीत पडून मेलं होतं. त्याला चारायला न्यायचं काम बंडूकडं. "मीच म्हनलो हुतो, हे मेलं तर मला खेळाया मिळंल. आन् ते खरंच मेलं!" असं म्हणून तो हमसून हमसून रडला. त्या गोऱ्ह्यावर त्याचा केवढा जीव होता!

आजी रागावली नाही. "मनात येतं तसं. मनात आलं म्हून कुनी मरत न्हाई. त्याचा पाय घसरला." त्यानंतरही बंडू दोन-तीनदा दचकून उठला, पण आता तो आजीला हाक मारायचा. हळूहळू ते थांबलं.

पुढं नगरला कॉलेजात शिकताना डॉ. गिरींद्रशेखर बसू यांच्याविषयी वाचलं आणि मला ती रात्र आठवली. मनोविश्लेषण भारतात रुजवणारे हे पहिले डॉक्टर. जन्म १८८७ चा, कर्मभूमी कोलकाता. लहानपणी त्यांना जादूचा नाद! व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड म्हणत, की मनात दडपलेल्या गोष्टी स्वप्नांतून डोकं वर काढतात. म्हणून रुग्णाला मोकळं बोलू द्या. बसूंनी हे सारं पुस्तकांतून आणि रुग्णांकडून शिकून घेतलं. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, तीही स्वतःच्या घरात!

फ्रॉइड आणि बसू कधीच भेटले नाहीत. ओळख सारी पत्रांतून. फ्रॉइडना न बघताच एका चित्रकारानं कल्पनेनं काढलेलं त्यांचं चित्र बसूंनी पाठवलं. फ्रॉइडनी गमतीनं कळवलं, की माझ्या मानानं हे फारच देखणं आहे! १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कोलकात्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली.

पण बसू नुसते होयबा नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी आपलं वेगळं मत कळवलं : प्रत्येक इच्छेच्या पोटात तिच्या उलटी इच्छाही दडलेली असते. हे वाचताना मला बंडू दिसला. गोऱ्हं हवंही होतं आणि नकोही होतं. त्या 'नको'चीच त्याला भीती बसली होती.

१९४० साली बसूंनी कोलकात्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू केलं, अवघ्या तीन खाटांवर. मोठ्यांच्या मनाचा हा डॉक्टर मुलांसाठीही लिहायचा. 'लाल कालो' हे त्यांचं पुस्तक लाल आणि काळ्या मुंग्यांच्या लढाईचं! १९५३ साली ते वारले. फ्रॉइड-बसूंची सगळीच मतं आज कुणी मानत नाही. पण माणसाचं ऐकून घ्यायचं, हे मात्र टिकलं.

माझ्या आजीला सही करता येत नव्हती. फ्रॉइड कोण, बसू कोण, तिला काय ठाऊक? पण ऐकायचं कसं, हे ती जाणून होती. आईबाबांनो, तेवढं आपल्यालाही जमेल. आणि घरच्यांच्या ऐकण्यानं भागलं नाही, तर डॉक्टरांकडं जाण्यात कसली आली लाज?

बंडू आता स्वतः बाप झालाय. हे लिहू का, म्हणून त्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "लिही की! फक्त तू हसला होतास, तेही लिही."

म्हणून तेही लिहिलं.