एका रात्रीची खोली

आमच्या फर्दापुरात, अजिंठ्याच्या घाटाखाली, औरंगजेबाच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी सराई आहे. सराई म्हणजे मुसाफिराचं घर. रात्र काढायची, जनावरांना पाणी दाखवायचं आणि फजर झाली की वाटेला लागायचं. औरंगजेबाची स्वतःची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेतच गेली, त्यातली बरीचशी छावणीत. मुघल बादशहांकडे तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढे जाऊन उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. सुटे भाग न्यायचे आणि ठरलेल्या मांडणीने जोडायचे, ही कल्पना तेव्हाचीच.

आज तिला प्रीफॅब म्हणतात. भिंती कारखान्यात तयार होतात, ट्रकवरून येतात आणि जागेवर बोल्टने जोडल्या जातात. डोंगरात याचा फायदा खरा आहे. वीट, वाळू, पाणी वर चढवणं महाग पडतं आणि पावसाळ्यात बांधकाम थांबतं. लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी शेतात दोन केबिन टाकाव्यात, असं माझा भाचा म्हणतो. "मामू, दोन दिवसांत खोली उभी!" मला बेत पटतो. पर्यटकाला एक रात्र काढायची असते. खोली तापली, तर तो दुसरीकडे जाईल.

ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, त्याचं काय?

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांना कंटेनरच्या घरात ठेवलं आणि पक्की घरं म्हाडाने प्रीफॅब पद्धतीने बांधायचं ठरलं. पद्धत वेगवान होती, तरी दोन वर्षांनंतरही लोक कंटेनरमध्येच होते. त्याच सुमारास, 19 जुलै 2023 च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. तिथल्या ठाकर कुटुंबांनाही चौकजवळ कंटेनर मिळाले आणि वर्ष उलटलं तरी ती त्यातच होती.

भिंती जोडायला दोन दिवस लागत असतील, पण जमीन ठरवायला, ती सपाट करायला, रस्ता, पाणी, वीज आणायला कारखाना उपयोगाचा नाही. वेळ तिथेच जातो. आणि तोवर पत्र्याच्या डब्यात चूल, आजारी म्हातारी, अभ्यासाची मुलं, नवी सून असा सगळा संसार मांडावा लागतो. ना अंगण, ना गुरांना जागा.

म्हणून तात्पुरत्या घराची चावी देताना पक्क्या घराची तारीखही लिहून द्यावी. सोबत पत्र्यावर सावलीचं दुसरं छप्पर आणि पुढे ओटा द्यावा; हा खर्च फार नाही. इस्लाममध्ये मुसाफिराला नमाजही कसर करण्याची सवलत आहे, कारण प्रवास संपणार असतो. ज्याचा मुक्काम कधी हलणार हे कुणी सांगत नाही, त्याला मुसाफिर समजून वागवणं अन्याय आहे.